एमजेन

एमजेन (मूळ नाव: मल्टी-जनरेटर) ही संगणक-जाळ्याच्या चाचणीसाठी कृत्रिम विदा-वाहतूक निर्माण करणारी मुक्तस्रोत आज्ञावली आहे. ती अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली. यूडीपी व टीसीपी या दोन्ही नियमप्रणालींनुसार ती संदेश पाठवते, तसेच आलेल्या संदेशांची नोंद ठेवते. कोणत्या क्षणी, कोठे व किती वाहतूक सोडायची, हे स्क्रिप्ट संचिकेत लिहिलेले असते.

== स्क्रिप्टची रचना ==
स्क्रिप्ट ही साध्या मजकुराची संचिका असते. सामान्यतः एका ओळीत एकच घटना नोंदवतात. ओळीच्या आरंभी वेळ (सेकंदांत), त्यानंतर घटनेचा प्रकार व शेवटी तपशील, असा क्रम असतो. # या चिन्हाने सुरू होणारी ओळ टीप मानली जाते.

* '''ऑन, मॉड, ऑफ''' – प्रवाह सुरू करणे, बदलणे, थांबवणे
* '''लिसन, इग्नोर''' – पोर्टवर संदेश स्वीकारणे, स्वीकार बंद करणे
* '''जॉइन, लीव्ह''' – बहुप्रेषण गटात सामील होणे, गट सोडणे

संदेश ठरावीक अंतराने (पीरियॉडिक), यादृच्छिक अंतराने (प्वासाँ) किंवा झुंडीने (बर्स्ट) पाठवता येतात.

== उदाहरण ==
समजा, चौक (तालुका खालापूर) येथील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षातील दोन यंत्रांमधील जोडणी तपासायची आहे. प्रत्यक्ष संचिकेत शब्द व अंक रोमन लिपीत लिहावे लागतात; येथे ते देवनागरीत दिले आहेत.

स्वीकारणारे यंत्र:
: ०.० लिसन यूडीपी ५०००

पाठवणारे यंत्र:
: ०.० ऑन १ यूडीपी डीएसटी १९२.१६८.१.२/५००० पीरियॉडिक [१० १०२४]
: १०.० मॉड १ पीरियॉडिक [२० १०२४]
: ३०.० ऑफ १

कंसातील पहिला अंक दर सेकंदाची संदेशसंख्या, तर दुसरा संदेशाचा आकार बाइटमध्ये दर्शवतो. म्हणून पहिली १० सेकंदे दर सेकंदाला १० × १०२४ × ८ = ८१,९२० बिट, तर पुढील २० सेकंदे त्याच्या दुप्पट वाहतूक होते. एकूण सुमारे ५०० संदेशांपैकी ४९० पोहोचल्यास गळती २ टक्के ठरते.

== दक्षता ==
* आकार अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजतात. यूटीएफ-८ संकेतनात 'चौक' हा शब्द ९ बाइट व्यापतो.
* यूडीपीचे ८ व आयपीव्ही४चे किमान २० बाइटचे शीर्ष वरील आकारात धरलेले नसते; प्रत्यक्ष भार त्यामुळे अधिक असतो.
* दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली नसल्यास विलंबाचे मापन चुकते.
* अशी वाहतूक जाळे ठप्प करू शकते. मालकाच्या परवानगीविना इतरांच्या जाळ्यात व्यत्यय आणणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाईस पात्र आहे. अप्रामाणिक वा कपटी हेतूने तसे केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

== हे सुद्धा पहा ==
* संगणक-जाळे
* आयपी पत्ता
* युनिकोड