रेघ आणि आवाज, एकाच वेळी

साल १९३० च्या आसपासचं. शहापूर तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर तुम्ही लग्नघराच्या दारात उभे आहात. तानसा तलावाचं पाणी मुंबईला जाऊ लागून जवळजवळ चाळीस वर्षं होत आली, पण या घरात उजेड आहे तो तेलाच्या दिव्याचा. वाकून आत या. डोळे अंधाराला सरावू द्या. कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरूचा हात दिलेला आहे, ओल अजून पुरती गेलेली नाही. भिंतीपाशी सवाशिणी बसल्या आहेत. त्यांच्या पुढ्यात तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आहे आणि हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जरा मागे धवलेरी बसली आहे. लग्न लावण्याचा मान तिचा.

ती सूर लावते आणि पहिली रेघ भिंतीवर उतरते. आधी चौक आखला जातो. मग त्याच्या चारही कडांना नक्षी चढते. आत पालघट देवी येते, तिच्या भोवती सूर्य, चंद्र, घोडा, फणी, शिडी. गाण्यात देवांना बोलावणं चालू आहे आणि भिंतीवर त्यांच्यासाठी जागा तयार होते आहे. कोपऱ्यात एक लहान मुलगी बसली आहे. तिला कोणी काही शिकवत नाही. ती हात बघते आणि गाणं ऐकते, एवढंच. पुढे तिची पाळी येईल तेव्हा कुठल्या ओळीला हात कुठे वळतो हे तिला विचारावं लागणार नाही.

इथे थोडा वेळ बसा, घाई करू नका. पुढचा सगळा प्रवास या मुलीच्या जागेसाठी आहे. रेघ उमटताना बघायची आणि तेव्हाच आवाज ऐकायचा, ही जागा भिंतीपासून दहा कोसांवर बसलेल्या माणसाला कशी मिळेल?

आता दोन हजार वर्षं मागे चला. मुरबाडकडून वैशाखरे ओलांडून तुम्ही नाणेघाट चढता आहात. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल बैलांच्या पाठीवर जुन्नरकडे चालला आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात शिरलात की समोरच्या भिंतीत सातवाहन राजघराण्यातली माणसं कोरलेली दिसतात : सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजपुत्र. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे, आकड्यांसकट. आपल्याकडचे सर्वांत जुने अंक जिथे सापडतात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. राजा इथे नाही, तो दूर आहे. त्याच्या वतीने चित्र आणि शब्द बोलतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणी तरी बोट ठेवून वाचून दाखवतही असेल.

आता आजच्या तारखेला त्याच भिंतीसमोर उभे राहा. माणसं गेली आहेत. कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वरची नावं शाबूत आहेत. शब्द राहिला, चित्र गेलं.

अशी फारकत पुढे पुन्हा पुन्हा होत राहिली. १८६१ मध्ये आगगाडी वासिंद, आसनगाव, खर्डी करत कसाऱ्यापर्यंत आली आणि चार वर्षांनी थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. रुळांबरोबर तारेचे खांब आले. तुम्ही कसाऱ्याच्या स्टेशनात उभे आहात आणि तारबाबूच्या यंत्राची टकटक ऐकता आहात. घाटातली दरड कुठे कोसळली हे या तारेने मुंबईला काही क्षणांत कळतं. ती कशी कोसळली, रुळाची कोणती बाजू उघडी पडली, हे दाखवणारा कागद मात्र गाडीनेच जाणार. मजकूर विजेच्या वेगाने निघाला आणि आकृती मागे फलाटावर राहिली.

पुढे अमेरिकेत जे घडलं ते या फारकतीचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणावं असं आहे. १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे टेलिफोनचे कागद पेटंट कचेरीत दाखल झाले. टेलिफोन बेलच्या नावावर गेला. ग्रेने पुढे १८८८ मध्ये टेलऑटोग्राफचं पेटंट मिळवलं. लेखणी आडवी-उभी कशी हलते त्याचे विद्युत संकेत तारेतून जायचे आणि पलीकडची लेखणी तशीच हलायची. सही इकडे करायची आणि ती तिकडे उमटायची. एकाने आवाज दूर नेला, दुसऱ्याने रेघ. जगाने आवाज घराघरांत नेला. मुंबईत १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. रेघेचं यंत्र काही कचेऱ्या आणि स्टेशनं यांच्यापुरतं राहिलं. दोन माणसांनी दूर दूर बसून एकमेकांचा आवाज ऐकत संगणकाच्या एकाच पडद्यावर काम करण्याचं गाजलेलं प्रात्यक्षिक व्हायला ९ डिसेंबर १९६८ उजाडला. संगणकतज्ज्ञ डग्लस एंगेलबार्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर होता आणि त्याचा सहकारी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये.

आपल्याकडे त्यानंतर लवकरच उलटं घडलं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर पोचले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या रेघेला जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे मोठं काम होतं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दिल्लीच्या किंवा पॅरिसच्या भिंतीवर लागलेल्या त्या कागदाबरोबर धवलेरीचं गाणं गेलं नाही. बघणाऱ्याला नक्षी दिसते. कुठली रेघ आधी आली आणि तेव्हा कोणाला हाक मारली जात होती, हे त्याला कळायला मार्ग नाही. नाणेघाटात चित्र गेलं होतं, इथे आवाज गेला.

आता तुम्ही शिक्षक आहात. जुलै २०२०, मुरबाड तालुका, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. करोनामुळे मार्चपासून वर्ग बंद आहेत. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडणार आहेत, पण ते आज तुम्हाला ठाऊक नाही. आवण्या चालू आहेत. घरातला एकुलता फोन दिवसभर बापाबरोबर खाचरात असतो. संध्याकाळी तो घरी आला की तिसरीतल्या मुलीशी तुमचं बोलणं होतं. रेंज मिळावी म्हणून ती टेपावर छत्री धरून उभी आहे.

तुम्ही गणित सांगता : बावन्न वजा सत्तावीस. ती पाटीवर मांडते. "सुट्यात दोन आहेत, सात जात नाहीत, मग काय करायचं?" "दशक सुटा करायचा, गुरुजी." "शाबास, कर." थोड्या वेळाने बापाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पाटीचा फोटो येतो. उत्तर आहे पस्तीस.

हा फोटो नीट बघा. पस्तीस दोन वाटांनी येतं. तिने दशक सुटा केला असेल, बारातून सात काढून पाच लिहिले असतील, पण पाच दशकांतला एक कमी करायला विसरली असेल. किंवा तिने दशक सुटा केलाच नसेल, सातातून दोन काढून पाच लिहिले असतील, लहान आकडा मोठ्यातून नेहमी वजा होतो असं समजून. पहिल्या चुकीला नुसती आठवण पुरते. दुसऱ्या चुकीला वजाबाकीच पुन्हा शिकवावी लागते. पाटी दोन्ही वेळा तशीच दिसते. मघाशी फोनवर आवाज होता तेव्हा हात दिसत नव्हता, आणि आता हाताची खूण समोर आहे तर आवाज थांबलेला आहे. वर्गात तुम्ही तिच्या बाकामागे उभे असता तर कळायला पाच सेकंद लागले नसते.

त्या काळात राज्यात पुष्कळांनी जीव ओतून काम केलं. जव्हार-मोखाड्याकडे दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली, ध्वनिक्षेपकावरून धडे पाड्यांत पोचवले. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आली. पहिलीत चित्र नव्हतं. दुसरीत चित्रही होतं आणि आवाजही, पण मुलीची पाटी त्या पडद्याला दिसत नव्हती. शहापुरात तर पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने कितीतरी आधी टॅबलेट आणि पडदा मुलांच्या हाताशी आणला होता. साधन वापरायला मुलं कधीच कमी पडली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग व्हिडिओ कॉल करायचा. डोळखांबकडच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर उभं राहून तो करून बघा. चित्र गोठतं, आवाज तुटतो. साध्या व्हिडिओ कॉललाही सेकंदाला काही शे किलोबिट लागतात. आता रेघेचा हिशेब मांडा. बोट किंवा लेखणी पडद्यावर कुठे आहे याची सेकंदाला पन्नास वेळा नोंद घेतली आणि प्रत्येक नोंदीला चार बाइट दिले, तर दोनशे बाइट होतात, म्हणजे दोन किलोबिटांहून कमी. आजच्या पद्धतीने आवळलेला, स्वच्छ समजणारा आवाज बारा किलोबिटांत बसतो. दोन्ही मिळून चौदाच्या आत. जिथे चेहरा पोचत नाही तिथे हात आणि आवाज पोचू शकतात. प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का असला की रेंज गेली तरी दोघंही एकाच जागी थांबतात आणि ती आली की तिथूनच पुढे जातात. ग्रेने तारेतून नेली होती तीच लेखणीची हालचाल, फक्त या वेळी आवाजाचा हात धरून.

शेवटचा मुक्काम मुरबाड तालुक्यातलं फांगणे. ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी दलाल ट्रस्टच्या मदतीने इथे आजीबाईंची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, गणवेश गुलाबी नऊवारी, वेळ दुपारची, कामं उरकल्यानंतरची. पोथी आपली आपल्याला वाचता यावी एवढी साधी इच्छा त्यामागे होती. तुम्ही एका आजीच्या शेजारी मांडी घालून बसला आहात. ती 'क' काढते आहे. आधी उभी रेघ, मग डावीकडचं पोट, मग उजवीकडचा वळसा, आणि प्रत्येक टप्प्याला ती तोंडाने 'क' म्हणते. पाटीवर उमटलेल्या अक्षराचा फोटो काढलात तर हा क्रम दिसणार नाही आणि ते पुटपुटणंही ऐकू येणार नाही. मुंबईत नोकरीला असलेल्या नातीला हे शिकवणं पुढे न्यायचं असेल, तर तिला आजीचा हात चालताना दिसला पाहिजे आणि आजीला तिचा.

म्हणून आसनगाव-कल्याणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. वर्षाच्या शेवटी जो प्रकल्प करायचा आहे त्यात हा घ्या : मराठीतलं, कमी रेंजवर चालणारं, रेघ आणि आवाज एकत्र नेणारं साधं पान, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारं. त्याची पहिली चाचणी आपल्याच तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत घ्या. आणि शिक्षकांनो, ते तयार होईपर्यंत मुलाकडून पाटीचा फोटो मागवू नका. फोन पाटीवर आडवा धरून, मोठ्याने बोलत सोडवलेल्या गणिताचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण मागवा. चूक कुठे झाली ते त्यात दिसेल.