तरंगा (गरीचा)

गरीच्या दोरीला बांधलेली हलकी, तरंगती खूण. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातसा, काळू या नद्यांकाठी काठी, दोरी, गरी व गांडूळ घेऊन मासे गरवतात. तरंगा घरीही बनवता येतो. त्यासाठी पिसाची पोकळ दांडी, भेंड किंवा बोरूचा तुकडा चालतो. पोकळ दांडीची टोके मेणाने बंद करावी लागतात. नाहीतर आत पाणी शिरून ती बुडते. तरंगा दोरीवर वरखाली सरकवून आमिषाची खोली ठरवतात. माशाने आमिष ओढल्याने तरंगा बुडाला, की काठी झटक्याने उचलतात. पाश्चात्त्य ‘ड्राय फ्लाय’मध्ये (कृत्रिम माशीच्या गरीत) आमिषच तरंगते : गरीवर गुंडाळलेल्या कोंबड्याच्या पिसांचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून राहतात. फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा अशा तरंगत्या कृत्रिम माश्यांवरील इंग्रजी ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला.