पाठ्यपुस्तकाची दुसरी प्रत

पुस्तक छापून बाजारांत आलें म्हणजे तें सर्वांसाठीं निघालें, असें आपण धरून चालतों. परंतु ज्यास अक्षर दिसत नाहीं, ज्याच्या हातांनीं पान उलटवत नाहीं, किंवा डोळे धड असूनही ज्यास अक्षरांची संगति लागत नाहीं, अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीनें तें पुस्तक अद्याप निघालेलेंच नसतें. त्याच्यासाठीं दुसरी प्रत करावी लागते. ती कोणाच्या खर्चानें करावी, कोणाच्या परवानगीनें करावी आणि केव्हां करावी, हे तीन प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं कसे सोडविले, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

खर्चाचा प्रश्न प्रथम सुटला. केंटकी संस्थानांत लुइव्हिल येथें १८५८ मध्यें अंधांसाठीं एक छापखाना निघाला. १८७९ सालीं अमेरिकन काँग्रेसनें अडीच लक्ष डॉलरांचा निधि राखून त्याच्या व्याजाचे दरसाल दहा हजार डॉलर या छापखान्यास लावून दिले. पैसा आला, पण लिपि एक नव्हती. ब्रेलचे निरनिराळे प्रकार आणि ‘न्यू यॉर्क पॉइंट’ यांचे अभिमानी पुष्कळ वर्षें भांडत राहिले. अखेर १९३२ मध्यें इंग्लंड व अमेरिका यांचें एका प्रमाण इंग्रजी ब्रेलवर एकमत झालें.

पुढें १९७५ च्या कायद्यानें विकलांग मुलांस सार्वजनिक शाळांत शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि हक्काबरोबर नवी अडचण उभी राहिली. अंधशाळेंतील वर्गास एकच पुस्तक पुरे होई. आतां गांवोगांवच्या शाळांतील निरनिराळीं पुस्तकें हवीं झालीं. लिप्यंतर करणारा छापील प्रत पुढ्यांत घेऊन ओळ न् ओळ पुन्हां लिहीत बसे. वर्ग शेवटच्या धड्यापर्यंत पोहोंचावा आणि अंध मुलाच्या हातीं पहिले धडे यावेत, असा प्रकार होऊं लागला. मौज ही कीं, तोंवर तोच मजकूर प्रकाशकाच्या संगणकांत तयार असे. तो मागण्याचा अधिकार मात्र कोणास नव्हता.

ही कोंडी टेक्सस संस्थानानें १९९१ मध्यें फोडली. सरकारी शाळांस पुस्तकें विकणाऱ्या प्रकाशकानें ब्रेलसाठीं संगणकीय प्रतही द्यावी, असा कायदा त्यानें केला. टेक्सस हें मोठें गिऱ्हाईक. त्याचा शब्द मोडणें प्रकाशकांस परवडणारें नव्हतें. १९९६ मध्यें मध्यवर्ती कायद्यानें अधिकृत संस्थांस परवानगीवांचून अशा प्रती काढण्याची मुभा दिली. २००४ च्या कायद्यानें सर्व संस्थानांसाठीं संगणकीय प्रतीचा एकच नमुना ठरविला, खरेदीच्या करारांतच ती देण्याची अट घालण्याची सोय केली, आणि तिचें भांडार त्याच लुइव्हिलच्या छापखान्याकडे सोंपविलें. मुलांस पुस्तकें ‘वेळेवर’ मिळावींत, हा शब्दही कायद्यांत आला.

अर्थात् संगणकीय प्रत म्हणजे पुस्तक नव्हे. गणिताचीं चिन्हें, नकाशे व आकृत्या यांस जाणत्या माणसाचा हात लागतोच. परंतु मजकूर पुन्हां लिहिण्यांत जाणारे महिने वांचले, हा लाभ लहान नाहीं.

आपल्या देशानेंही परवानगीची अडचण २०१२ मध्यें कॉपीराइट कायदा सुधारून दूर केली. दृष्टिहीनांच्या ग्रंथांविषयीं २०१३ मध्यें माराकेश येथें झालेल्या तहास २०१४ सालीं सर्वांच्या आधीं मान्यता देणारा देश भारतच. २०१६ च्या कायद्यानें ठराविक प्रमाणाचें अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांस अठरा वर्षांपर्यंत पुस्तकें मोफत देण्याचें सरकारांचें कर्तव्य ठरलें. खर्च आणि परवानगी या दोन प्रश्नांस अशीं उत्तरें मिळालीं. उरतो तो ‘केव्हां’ हा प्रश्न. त्यास आमचें उत्तर असें कीं, पहिल्या प्रतीबरोबरच. टेक्ससला त्यासाठीं परक्या प्रकाशकांस बांधून घ्यावें लागलें. महाराष्ट्रांत १९६७ पासून शालेय पुस्तकें काढणारी ‘बालभारती’ ही शासनानेंच स्थापिलेली संस्था आहे. जेथें पुस्तक काढणारें आणि कायदा राबविणारें घर एकच, तेथें दुसऱ्या प्रतीस उशीर होण्यास सबब राहत नाहीं. शाळा उघडते त्या दिवशीं सर्व मुलांच्या दप्तरांत एकच धडा असावा, एवढीच ही मागणी आहे.