प्रज्वलन, जुन्या मोटारगाड्यांतील : खंडक ते इलेक्ट्रॉनीय पद्धती

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरातील हवा व इंधन यांचे संपीडित मिश्रण योग्य क्षणी विद्युत् ठिणगीने पेटविण्याच्या क्रियेस प्रज्वलन म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यातील बहुतेक मोटारगाड्यांत हा क्षण धातूच्या दोन लहान टोकांच्या उघडझापीने ठरत असे. शास्त्रीय परिभाषेत या जोडीस खंडक संस्पर्श म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ती ‘पॉइंट’ या नावाने ओळखली जाते. १९७० नंतर पॉइंटांची जागा ट्रँझिस्टरयुक्त इलेक्ट्रॉनीय प्रयुक्तीने घेतली. त्यापूर्वीच्या मोटारगाड्यांतही अशी प्रयुक्ती मागाहून बसविण्याची प्रथा पडली व तिच्याबरोबर जुन्या यंत्राच्या जतनाविषयी काही मूलभूत प्रश्न उपस्थित झाले.

इतिहास : एत्येन लन्वार (१८२२–१९००) यांनी १८६० साली तयार केलेल्या वायू एंजिनात प्रवर्तन वेटोळ्यापासून मिळणारी ठिणगी वापरली होती. तथापि विजेचे साधन बेभरवशाचे असल्याने निकोलाउस ओटो (१८३२–९१) यांच्या १८७६ च्या एंजिनात मिश्रण पेटविण्यासाठी ज्योतीचा, तर गोटलीप डाइमलर (१८३४–१९००) यांच्या आरंभीच्या एंजिनांत तापविलेल्या नळीचा उपयोग केलेला होता. कार्ल बेन्झ (१८४४–१९२९) यांनी मात्र १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत विद्युत् प्रज्वलनच स्वीकारले. रोबेर्ट बॉश (१८६१–१९४२) यांच्या कारखान्यातील गोटलोप होनोल्ट (१८७६–१९२३) यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. हा स्वतःच वीज उत्पन्न करीत असल्याने त्यास घटमालेची गरज नव्हती.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांनी घटमाला, वेटोळे व खंडक यांवर आधारलेली पद्धती तयार केली व ती कॅडिलॅक मोटारगाडीच्या १९१० च्या नमुन्यात वापरण्यात आली. पुढे १९१२ च्या नमुन्यात विद्युत् आरंभक आला. त्यामुळे गाडीत घटमाला व जनित्र असणे अपरिहार्य झाले आणि स्वतंत्र मॅग्नेटोचे प्रयोजन कमी होत गेले. यूरोपातही १९२५ नंतर स्वस्त गाड्यांत वेटोळ्याची पद्धती रूढ होऊ लागली.

कार्य : पॉइंट मिटलेले असताना घटमालेतून वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीत साधारणतः ३ ते ४ अँपिअर प्रवाह वाहतो व चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. एंजिनाच्या गतीशी जोडलेला कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो आणि क्षेत्र एकाएकी ढासळते. त्यामुळे दुय्यम गुंडाळीत सु. २०,००० व्होल्ट दाब उत्पन्न होतो. वितरकातील फिरता दांडा तो क्रमाक्रमाने प्रत्येक सिलिंडराच्या स्पार्क प्लगकडे पोचवितो. पॉइंटांशी समांतर जोडलेले सु. ०·२ मायक्रोफॅराड क्षमतेचे धारित्र, म्हणजेच कंडेन्सर, पॉइंटांमधील ठिणगी आवरते व क्षेत्र ढासळण्याची क्रिया जलद करते. चार सिलिंडरांच्या चार-धावी एंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत असताना पॉइंट दर सेकंदाला १०० वेळा उघडतात.

या रचनेचे मर्म व तिचा दोषही एकच आहे : क्षण ठरविणे आणि प्रवाह तोडणे ही दोन्ही कामे एकाच संस्पर्शाकडे असतात. प्रवाह तोडताना धातू जळतो, एका टोकास खड्डा व दुसऱ्यास उंचवटा येतो. क्षण ठरविताना कॅमवर घासणारी टाच झिजते, तीमुळे पॉइंटांमधील फट कमी होते व ठिणगी उशिरा पडू लागते. वेग फार वाढल्यास स्प्रिंगेचे बळ अपुरे पडून पॉइंट उसळतात, तर वेटोळ्यास भारित होण्यास वेळही कमी मिळतो. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या मोटारगाडीच्या लूकस वितरकात ही फट ०·३५ ते ०·४० मिमी. ठेवावी लागे. इतक्या सूक्ष्म अंतरावर संपूर्ण एंजिनाची शक्ती व इंधनाचा खप अवलंबून असल्याने काही हजार किलोमीटरांनंतर ते तपासणे भाग पडे.

इलेक्ट्रॉनीय पद्धतीचा उदय : १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागल्यावर ही दोन कामे वेगळी करणे शक्य झाले. प्रथम पॉइंट तसेच ठेवून मुख्य प्रवाह तोडण्याचे काम ट्रँझिस्टरकडे देण्यात आले. यात पॉइंट जळणे थांबले, परंतु टाचेची झीज कायम राहिली. दुसऱ्या टप्प्यात पॉइंटच काढून टाकण्यात आले व क्षणाची सूचना चुंबकीय स्पंद, प्रकाशकिरणाचा खंड किंवा एडविन हॉल (१८५५–१९३८) यांनी १८७९ मध्ये शोधलेला हॉल परिणाम यांच्या साहाय्याने देण्यात येऊ लागली. अमेरिकेतील पाँटिॲक गाड्यांत १९६३ च्या नमुन्यापासून चुंबकीय स्पंदावर चालणारी प्रणाली ऐच्छिक म्हणून मिळू लागली. १९७१ च्या बारा सिलिंडरांच्या जॅग्वार ई-टाइप गाडीत लूकस कंपनीची इलेक्ट्रॉनीय पद्धती होती. क्रायस्लर कंपनीने १९७३ च्या, तर जनरल मोटर्सने १९७५ च्या नमुन्यांपासून आपल्या अमेरिकन मोटारगाड्यांत पॉइंटांचा त्याग केला.

या स्थित्यंतरास केवळ तांत्रिक प्रगती कारणीभूत नव्हती. अमेरिकेतील १९७० च्या शुद्ध हवा अधिनियमानुसार निष्कासातील दूषितांचे प्रमाण ५ वर्षे किंवा ५०,००० मैल (सु. ८०,००० किमी.) मर्यादेत राहणे आवश्यक ठरले. वारंवार झिजणारा पॉइंट ही अट पाळू शकत नव्हता. शिवाय १९७५ च्या नमुन्यांपासून बसविण्यात आलेले उत्प्रेरकी परिवर्तक न पेटलेल्या इंधनाने तापून निकामी होत. त्यामुळे चुकलेली ठिणगी ही किरकोळ बाब राहिली नाही. अमेरिकेत निर्यात होणाऱ्या एमजीबी गाड्यांतही १९७५ पासून इलेक्ट्रॉनीय वितरक देण्यात आला.

जुन्या गाड्यांतील रूपांतर : जुन्या गाडीसाठी मिळणाऱ्या संचात सामान्यतः पॉइंट व कंडेन्सर यांच्या जागी बसणारा संवेदक आणि कॅमवर चढविण्याचे चुंबकयुक्त कडे असते. वितरकाचे झाकण, वेटोळे व बाह्य स्वरूप कायम राहते. रूपांतर करताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. (१) भूयोजनाची ध्रुवता : अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. एमजीबीतही १९६७ पर्यंत अशीच जोडणी होती. ऋण भूयोजनाचा संच अशा गाडीत जोडल्यास तो तत्काळ जळतो. (२) वेटोळ्याचा रोध : १२ व्होल्टच्या साध्या वेटोळ्याची प्राथमिक गुंडाळी सु. ३ ओहम, तर बाह्य रोधकासह वापरायची सु. १·५ ओहम असते. जुळणी चुकल्यास प्रवाह अतिरिक्त होऊन संच तापतो. (३) एंजिन बंद असताना किल्ली चालू राहिल्यास अनेक संच बिघडतात. (४) प्रवाहाच्या स्पंदावर चालणारे काही जुने फेरे-मापक रूपांतरानंतर चुकीचा आकडा दाखवितात. (५) वितरकातील केंद्रोत्सारी वजने व त्यांच्या स्प्रिंगा झिजलेल्या असल्यास ठिणगीचा क्षण वेगानुसार योग्य प्रकारे पुढे सरकत नाही. हा दोष संच बदलून दूर होत नाही.

रूपांतराने थंड एंजिन सुलभतेने सुरू होते, मंद गती स्थिर राहते व वेळोवेळची जुळवणी टळते. परंतु दोन्ही पद्धतींच्या बिघाडाचे स्वरूप भिन्न आहे. पॉइंट हळूहळू खराब होतात, एंजिन अडखळून त्याची पूर्वसूचना देते आणि एक पेचकस, फटमापक पाते व कानस एवढ्या साहित्यावर रस्त्याच्या कडेलाही गाडी चालू करता येते. इलेक्ट्रॉनीय संच बहुधा दीर्घकाळ निर्दोष चालतो, पण बिघडतो तो अकस्मात, व तो उघडून दुरुस्त करता येत नाही. म्हणून अनुभवी चालक रूपांतरानंतरही मूळ पॉइंट व कंडेन्सर, फट जुळवून तयार ठेवलेल्या तबकडीसह गाडीत बाळगतात.

भारतातील स्थिती : मुंबईतील कुर्ला येथे १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट (१९७४ पासून प्रीमियर पद्मिनी) व उत्तरपाडा येथील अँबॅसडर या गाड्यांनी पॉइंटांची पद्धती भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ टिकविली. मुंबईच्या टॅक्सीचालकांस पॉलिश पेपरने पॉइंट घासणे हे नित्याचे काम होते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून निवृत्त झाली. हे कौशल्य असलेल्या कारागिरांची संख्याही घटत आहे. त्यामुळे रूपांतर ही काही मालकांच्या बाबतीत आवडीपेक्षा गरज ठरते.

जतनाचा प्रश्न : ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिनच्या सनदेत, अपरिहार्य फेरबदल नजरेत न भरणारे व पूर्ववत् करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपावेत, असे तत्त्व मांडले आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांची स्वतंत्र नोंदणी होते. सांगाडा, काया वा एंजिन यांत मोठे फेरबदल झालेली वाहने तीस पात्र नसतात. झाकणाखाली बसणारा, छिद्र न पाडता जोडलेला व अर्ध्या तासात काढता येणारा संच या तत्त्वाशी सुसंगत ठरतो. वितरकच कापून किंवा तारांची मूळ मांडणी नष्ट करून केलेले रूपांतर मात्र गाडी चालती ठेवते, पण ती कशी चालत असे याचा पुरावा पुसून टाकते.