महिलांची पॅरिस-रूबे : सव्वाशे वर्षांनी खुला झालेला दगडी मार्ग

‘पॅरिस-रूबे फाम’ ही व्यावसायिक महिला सायकलपटूंची एकदिवसीय शर्यत उत्तर फ्रान्समधील दनँ गावातून निघते आणि रूबे शहराच्या जुन्या व्हेलोड्रोममध्ये संपते. नावात पॅरिस असले, तरी तिचा मार्ग त्या शहराकडे फिरकतही नाही. पुरुषांची शर्यतसुद्धा १९७७ पासून कोंपियेन्य येथून सुरू होते. पुरुषांसाठी ही स्पर्धा १८९६ मध्ये सुरू झाली. महिलांना मात्र २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. २०२० मध्ये ठरलेली त्यांची पहिली शर्यत कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाली होती.

शर्यतीचे सारे मर्म रस्त्यात आहे. शेतांमधून जाणाऱ्या जुन्या वाटा घडीव दगडांनी बांधलेल्या असून दगडांत फटी आहेत, मध्यभागी उंचवटा आहे आणि कडेला चिखल किंवा धूळ. मोठा चढ एकही नाही. तरीही सततच्या हादऱ्यांनी तळहात सोलवटतात, टायर फुटतात, साखळी निसटते. म्हणून सायकलपटू रुंद टायर वापरतात आणि त्यांत हवा नेहमीपेक्षा कमी ठेवतात. दगडी टप्प्यांना काठिण्यानुसार एक ते पाच तारे दिले जातात. मों-आं-पेवेल आणि कारफूर द लार्ब्र हे महिलांच्या मार्गावरील पंचतारांकित टप्पे. ‘उत्तरेचा नरक’ हे या शर्यतीचे बिरुद मात्र दगडांमुळे रूढ झालेले नाही. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला हा मुलूख १९१९ मध्ये पाहणाऱ्या पत्रकारांनी ते दिले.

पहिली शर्यत २ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. अंतर ११६.४ किलोमीटर, दगडी टप्पे सतरा, आणि वाट ओली, निसरडी. ब्रिटनची लिझी डायग्नन पहिल्याच दगडी टप्प्यावर पुढे निसटली, तेव्हा शेवट ८० किलोमीटरहून अधिक दूर होता. एवढ्या लवकर एकटीने निघणे हा सहसा वेडेपणाच मानला जातो. शिवाय तिच्या संघाची मुख्य भिस्त इतरांवर होती. तरीही ती शेवटपर्यंत कोणाच्याही हाती लागली नाही. नेदरलँड्सची मारियान व्होस १ मिनिट १७ सेकंदांनी मागे राहिली. हातमोजे न घातलेल्या डायग्ननच्या हँडलवर रक्ताचे डाग होते. पुरुष विजेत्याला ३० हजार युरो मिळत असताना तिच्या वाट्याला १,५३५ युरो आले! त्यावर टीकेची झोड उठली.

पुढे अंतर वाढत जाऊन १४८.५ किलोमीटरपर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी जिंकली. २०२३ चा निकाल सर्वांत अनपेक्षित ठरला. सुरुवातीलाच पुढे गेलेला गट बहुधा मागचे दिग्गज गिळंकृत करतात. त्या दिवशी तो अखेरपर्यंत टिकला आणि कॅनडाच्या ॲलिसन जॅक्सनने व्हेलोड्रोममधील अंतिम धावेत बाजी मारून आनंदाने नाच केला. २०२४ मध्ये बेल्जियमची जगज्जेती लोटे कोपेकी हिने छोट्या गटाला मागे टाकले. २०२५ मध्ये माउंटन बायकिंगमधील ऑलिंपिक सुवर्णविजेती पोलिन फेराँ-प्रेव्हो प्रथमच या शर्यतीत उतरली आणि एकटीने व्हेलोड्रोममध्ये शिरली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली फ्रेंच महिला. विजेत्यांना येथे चषकाऐवजी याच वाटेवरचा एक दगड चौथऱ्यावर बसवून दिला जातो.