दुधातली साखर आणि सप्ताहातली पाळी

"तुमचो मूळ गांव खंयचो?" वास्कोत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. कोणी सावंतवाडी सांगतो, कोणी कोल्हापूर, कोणी सातारा. बंदर, रेल्वे, नौदल, सरकारी नोकरी अशा निमित्ताने आपली मंडळी इथे आली आणि राहिली. नातवंडे इथल्याच शाळेत शिकली. तरी 'भायले' हा शब्द अधूनमधून कानांवर पडतोच. बाहेरून आलेल्या माणसाने नव्या समाजात कसे राहावे, याविषयी जगाने वेगवेगळ्या उपमा योजल्या आहेत. आपल्या गावाचा इतिहास समोर ठेवून त्या तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडची सर्वांत परिचित उपमा दुधातल्या साखरेची. पारशी लोक गुजरातेत संजाणला उतरले, तेव्हा तिथल्या राजाने काठोकाठ भरलेले दुधाचे भांडे पाठवले. जागा नाही, असा त्याचा अर्थ. पारशांच्या पुरोहिताने त्यात साखर विरघळवून भांडे परत केले, अशी लोककथा आहे. कथा गोड आहे, पण तिच्यात साखरेने दिसेनासे व्हायचे असते. प्रत्यक्षात पारशी तसे विरघळले नाहीत. त्यांनी भाषा गुजराती घेतली, पण अग्यारी राखली.

अमेरिकेत १९०८ साली इझ्रायल झांगविल यांचे 'द मेल्टिंग पॉट' हे नाटक रंगभूमीवर आले आणि ते नावच एक उपमा होऊन बसले. आपल्या सोनारांच्या भाषेत ही मूस. सगळे धातू वितळवून एकच रस करायचा. १९१५ मध्ये होरेस कॅलन या विचारवंताने तिला विरोध केला आणि वाद्यवृंदाची उपमा दिली. प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा, पण संगीत एक. कॅनडाने मोझेकची उपमा आपलीशी केली. मोझेकची लादी आपल्याही घरांत असते. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा रंग टिकतो खरा, पण तुकडा एकदा बसला की जागचा हलत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. गावाचे नावच मुळी परदेशातून आलेल्या दर्यावर्द्याचे! १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावला बंदर आणि रेल्वे यांचे काम सुरू झाले. १८८८ मध्ये ही रेल्वे कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला जोडली गेली आणि घाटावरचा माणूस व माल थेट समुद्रापर्यंत येऊ लागला. म्हणजे हे शहर वाढले तेच येणाऱ्यांच्या जिवावर.

त्याच्याही मागे गेलो तर आढळते की मुरगाव तालुक्याचे देवसुद्धा स्थलांतरित आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात जुवारीपलीकडे अंत्रुजात नेली. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. शेजारच्या सासष्टीतून मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. प्रियोळ, कवळे, जांबावली इथल्या लोकांनी या देवांना जागा दिली. ज्या भूमीने परगावचे देव सांभाळले, तिथे 'बाहेरून आलेला' हा शब्द हिणवण्यासाठी वापरणे शोभत नाही.

गोमंतकीय स्वतःही बाहेरगावी गेले. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावोगावच्या 'कूड' उभ्या राहिल्या. जहाजाची वाट पाहणारा खलाशी आपल्याच गावच्या कुडीत उतरत असे. १९१९ मध्ये मुंबईत दि गोवा हिंदू असोसिएशन स्थापन झाली आणि पुढे तिनेच 'मत्स्यगंधा'सारखे नाटक मराठी रंगभूमीला दिले. हे लोक मुंबईत साखरेसारखे विरघळले नाहीत, पण मुंबईला त्यांनी पुष्कळ दिले.

विरघळण्याची भीती किती खोल असते, हे गोव्याने १९६७ साली अनुभवले. १६ जानेवारीच्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी होती फूल आणि संघप्रदेशाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. पेडणे, डिचोलीकडे फुलाच्या बाजूने असलेले लोक बाहेरचे नव्हते, इथल्याच मातीतले होते. देवळातले कीर्तन आणि शाळेतले पुस्तक मराठी असल्यामुळे त्यांना महाराष्ट्र परका वाटत नव्हता. पानांना मत देणाऱ्यांना वाटत होते की एवढ्या मोठ्या राज्यात चिमूटभर गोवा दिसेनासा होईल. म्हणजे दूध कोण आणि साखर कोण, हाच तो वाद होता. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. आमच्यापैकी जे सरकारी कचेरीत बसतात, त्यांच्या टेबलावर मराठी अर्ज आजही येतो आणि त्यावरची चर्चा कोकणीत होते. त्यात कोणाचे काही अडत नाही.

आमच्या मते या सगळ्या उपमांहून चांगली उपमा वास्कोतच आहे. ती म्हणजे श्रीदामोदर भजनी सप्ताह. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी गावात साथ पसरली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि तिथून श्रीफळ आणून पुजले. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवे श्रीफळ ठेवले जाते, जुन्याचे समुद्रात विसर्जन होते आणि भजन अहोरात्र चालू राहते. नाभिक, दैवज्ञ, बाजारकर असे निरनिराळ्या समाजांचे आणि व्यवसायांचे पार वाजतगाजत येतात. अभंग मराठी, मंडपाबाहेरच्या गप्पा कोकणी. एका पथकाची वेळ संपली की दुसरे टाळ उचलते.

इथे कोणाला विरघळावे लागत नाही आणि लादीच्या तुकड्यासारखे एका जागी बसूनही राहावे लागत नाही. प्रत्येकाने आपल्या गळ्यात गायचे, पण आधीच्याने चालवलेले भजन तुटू द्यायचे नाही. पाळीमध्ये मान आहे, तशी जबाबदारीही आहे. यजमानाने पाळी द्यायची आणि पाहुण्याने ती सांभाळायची. कोकणी शिकणे, इथली चवथ समजून घेणे, देव्हाऱ्यावर माटोळी बांधणे हे आपण पाळी सांभाळण्याचेच भाग आहेत.

आज बंदरावर आणि बांधकामांवर राबणारे कानडी, तेलुगू, ओडिया, बिहारी लोक वास्कोत आहेत. काल जो शब्द आपल्याला लावला गेला, तोच आज त्यांना लावला जातो, आणि कधीकधी मराठीतून लावला जातो. त्यांची मुले आपल्या मुलांच्या वर्गात बसतात, पण आपल्या मंडपात ती बहुधा प्रसादाच्या रांगेतच दिसतात. मंडळाने उत्सवातली एक संध्याकाळ त्यांच्या भजनासाठी राखून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदे आहेत, आणि आपला पंढरीचा विठ्ठल त्यांनाही जवळचा आहे. टाळ आपल्या हातात आहेत. ते पुढे करायला फार खर्च येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!