म्युझिक प्लेयर घ्यायचाय? एमपी३ प्लेयर, कीपॅड फोन की ब्लूटूथ स्पीकर – आपल्या गरजेनुसार असा निवडा



"हातात स्मार्टफोन असताना वेगळा म्युझिक प्लेयर कशाला?" हा प्रश्न बरोबरच आहे. ॲपलने २००१ मध्ये आणलेला आयपॉडसुद्धा २०२२ मध्ये बंद केला, कारण त्याचं काम फोनच करू लागला. पण आमच्या हदगाव भागात रात्री दारं धरायला जाणारा शेतकरी, एसटीने नांदेडला क्लासला जाणारा विद्यार्थी आणि घरात हरिपाठ ऐकणारी आजी या तिघांच्या गरजा एकाच फोनमध्ये बसत नाहीत. या लेखात कोणासाठी काय घ्यावं आणि घेताना कुठे फसगत होते, ते पाहूया.

आधी हे फुकटचं करून बघा

बरेच जण गाणी यूट्यूबवर लावतात. त्यात स्क्रीन चालू राहते, डेटा जातो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. त्यात शेतात रेंज कमी असेल तर फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि आणखी बॅटरी खातो. तेव्हा गाणी फोनमध्ये फाइल म्हणून साठवा, फ्लाइट मोड लावा, स्क्रीन बंद करा आणि ऐकून बघा. बॅटरी किती जास्त टिकते ते एका रात्रीत कळेल. एवढ्यावर भागत असेल तर पैसे खर्च करू नका. मात्र फ्लाइट मोडमध्ये घरचा फोन लागणार नाही, हे लक्षात असू द्या.

कोणते पर्याय आहेत?

१. छोटा एमपी३ प्लेयर: खिशात मावतो आणि नोटिफिकेशनचा त्रास नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हा बरा, कारण गाणं ऐकता ऐकता रील्समध्ये अर्धा तास जात नाही. डिस्प्ले नसलेला प्लेयर स्वस्त असतो, पण हवं ते गाणं शोधताना वैताग येतो. ५०-१०० पेक्षा जास्त गाणी ठेवणार असाल तर डिस्प्लेवालाच घ्या.

२. मेमरी कार्डचा कीपॅड फोन: शेतात नेण्यासाठी मला हाच सगळ्यात व्यवहारी वाटतो. गाणी, एफएम, टॉर्च आणि अडीअडचणीला कॉल, सगळं एकात. बऱ्याच मॉडेलची बॅटरी काढून बदलता येते. चिखलात पडला तरी महागड्या फोनइतकं नुकसान नाही. घेताना खोक्यावर कार्डची मर्यादा बघा, अनेक मॉडेल ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात.

३. ब्लूटूथ स्पीकर: आखाड्यावर चार जण बसून ऐकणार असतील तर हा. पण ज्याला पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड लागतं तोच घ्या, म्हणजे फोन अडकून पडत नाही. ब्लूटूथची रेंज साधारण १० मीटर धरा, मध्ये भिंत आली की आणखी कमी. पावसापाण्याचं काम असेल तर आयपी रेटिंग बघा. 'आयपीएक्स ५' म्हणजे पाण्याचे फवारे सहन करतो, तर 'आयपी ६७' म्हणजे धुळीपासून बचाव आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकाव.

४. गाणी भरून मिळणारा प्लेयर: सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला कारवां याच प्रकारातला. त्यात जुनी गाणी आधीच भरलेली असतात, मराठी गाण्यांचं मॉडेलही आहे. बटण दाबलं की गाणं सुरू, त्यामुळे स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी छान. पण त्यांना नेमकं काय ऐकायला आवडतं ते आधी विचारा. आजोबांना गावच्या भजनी मंडळाचं भजन हवं असेल तर हजारो फिल्मी गाण्यांचा काय उपयोग?

५. महागडे हाय-रेझ प्लेयर: सोनीचे अँड्रॉइड वॉकमन याच प्रकारातले. चांगले हेडफोन आणि फ्लॅक फाइल्स नसतील तर हा पैसा वाया समजा.

किती जीबी लागेल? साधा हिशोब

१२८ केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते, तर ३२० केबीपीएसची जवळपास अडीच एमबी. म्हणजे ५ मिनिटांचं गाणं ५ ते १२ एमबी. ८ जीबीच्या कार्डमध्ये हलक्या क्वालिटीची सुमारे १५०० गाणी बसतात. तासाभराचं कीर्तन ६० एमबीच्या आत येतं, म्हणजे ३२ जीबीमध्ये ५०० तास. भजन-कीर्तनासाठी १२८ केबीपीएस पुरतं. म्हणून दुकानदार १२८ जीबी गळ्यात मारत असेल तर आधी हा हिशोब करा.

नकली कार्डपासून सावध

हे मी अनुभवाने सांगतोय. आजोबांच्या आवाजातला हरिपाठ आम्ही फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. फोनमध्ये जागा हवी म्हणून तो बाजारातून घेतलेल्या स्वस्त '१२८ जीबी' कार्डवर टाकला आणि फोनमधून डिलीट केला. कार्डवर फाइलचं नाव दिसायचं, पण प्ले होईना. कार्ड खरं तर ८ जीबीचं होतं. आजोबा आता नाहीत. गाणी पुन्हा मिळाली, तो आवाज नाही मिळाला.

अशा कार्डमध्ये आकडा खोटा दाखवण्याची सोय केलेली असते. खरी जागा संपली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नुसतं नाव राहतं. म्हणून कार्ड घेतल्यावर ते एकदा पूर्ण भरा आणि सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या फाइल्स चालवून बघा. कॉम्प्युटर असेल तर 'एच२टेस्टडब्ल्यू' या मोफत सॉफ्टवेअरने तपासता येतं. बिल घ्या. आणि घरच्यांच्या आवाजाची एकच कॉपी कधीही ठेवू नका. एक फोनमध्ये, एक कार्डवर, एक गूगल ड्राइव्हवर, एवढं कराच.

घेण्याआधी दुकानातच तपासा

- फाइल चालते का? फोनचा रेकॉर्डर बऱ्याचदा एम४ए किंवा एएमआर फाइल बनवतो. स्वस्त प्लेयर फक्त एमपी३ ओळखतात. आपली फाइल सोबत नेऊन लावून बघा, नाही चालली तर एमपी३ मध्ये बदलावी लागेल.
- मराठी नावं दिसतात का? अनेक प्लेयरमध्ये देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. मग फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवावी लागतात.
- क्रम पाळतो का? काही स्वस्त प्लेयर कॉपी झालेल्या क्रमानेच फाइल लावतात. नावापुढे ०१, ०२ असे नंबर द्या आणि त्याच क्रमाने कॉपी करा.
- एफएम कसा लागतो? बऱ्याच छोट्या प्लेयर आणि फोनमध्ये इअरफोनची वायर अँटेनाचं काम करते, वायर नसेल तर खरखर. आणि एफएमवर मीडियम वेव्हची केंद्रं लागत नाहीत. ती ऐकायची असतील तर मीडियम वेव्ह असलेला रेडिओच घ्या.
- चार्जिंग पिन कोणती? टाइप-सी असेल तर फोनचंच चार्जर चालतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पॉटिफाय किंवा यूट्यूबवर डाउनलोड केलेली गाणी प्लेयरमध्ये टाकता येतात का?
नाही. ती फक्त त्या ॲपमध्येच चालतात. प्लेयरसाठी विकत घेतलेल्या किंवा स्वतः रेकॉर्ड केलेल्या फाइल्स लागतात.

आवाज किती ठेवावा?
जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पूर्ण आवाजाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. एसटीत इंजिनच्या आवाजामुळे आपण नकळत वाढवत जातो. तिथे कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरले की कमी आवाजातही नीट ऐकू येतं.

रात्री शेतात इअरफोन लावावेत का?
दोन्ही कानांत नकोच. रानडुकराची चाहूल, कोणी मारलेली हाक, गवतातली सळसळ ऐकू यायला पाहिजे. तिथे हळू आवाजातला स्पीकरच बरा. गाडी चालवताना तर इअरफोन लावूच नका.

थोडक्यात सांगायचं तर...

शेतासाठी कीपॅड फोन, अभ्यासासाठी डिस्प्लेवाला एमपी३ प्लेयर, आखाड्यासाठी कार्ड लागणारा स्पीकर आणि आजी-आजोबांसाठी मोठ्या बटणांचा प्लेयर. काहीही घ्या, पण कार्ड चांगलं घ्या. आणि घरात कोणी म्हातारं माणूस गात असेल, ओव्या म्हणत असेल, तर प्लेयर घेण्याची वाट बघू नका. आज फोन काढा आणि रेकॉर्ड करा.